गव्हातल्या सासूबाई

मोबाईल भरला. एवढंच झालं होतं. भरला तर चार गाणी उडवावी आणि गप बसावं. पण मी पडलो पूर्णेतल्या सरकारी हापिसातला कारकून. कशाचीही एक प्रत बाजूला ठेवल्याशिवाय आम्हाला घास उतरत नाही. म्हणून फोटोंचा बॅकअप घ्यायचं ठरवलं. (कुणी सांगितलं नव्हतं. माझे सगळे घोटाळे मी कुणी न सांगताच करतो.)

त्या फोटोंत सासूबाई होत्या. मालनबाईंनी जन्मभर कुणाला फोटो काढू दिला नाही. मोबाईल वर केला की यांचा पदर तोंडावर. नव्या घरात राहायला आलो त्या दिवशी मात्र कशावर तरी खळखळून हसल्या आणि माझ्याकडून नेमका फोटो निघाला. पुढं महिन्याभरातच त्या गेल्या. माझी बायको धम्मशीला अधूनमधून माझा मोबाईल घेऊन तो फोटो बघायची आणि पदरानं काच पुसून मोबाईल परत द्यायची.

तर लेकीच्या जुन्या लॅपटॉपवरून फोटो पेनड्राईव्हमध्ये टाकले आणि मोबाईलमधले सगळे पुसले. (जागा करायची होती ना!) आता पेनड्राईव्ह ठेवायचा कुठं? आमच्याकडं मोलाची वस्तू ठेवायची जागा म्हणजे गव्हाची कोठी. बायकोच्या पाटल्यासुद्धा तिथंच असतात. दुधाच्या पिशवीत गुंडाळून पेनड्राईव्ह गव्हात खुपसला आणि त्या दिवशी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

रविवारी मी दाढी करत होतो. आतून धम्मशीलाचा आवाज आला, "अहो, आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तो हसरा फोटो मोठा करून लावायचाय. तेवढा काढून द्या."

"देतो की," म्हणालो आणि कोठीत हात घातला. हात सरळ तळाला टेकला.

"अगं, गहू?"

"दळायला ठिवून आले बजरंगच्या गिरणीत. का ओ?"

"काई न्हाई. सहज."

खरं सांगावं तर ती म्हणणार, मोबाईलमधला द्या. मोबाईलमधला कुठून देऊ? अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी गिरणीकडं पळालो.

गिरणी धडधडत होती आणि बाजूला आमचा डबा पालथा पडलेला.

"बंद कर! बजरंग, बंद कर! आत सासूबाई हायत!"

बजरंगनं खटका पाडला. रांगेतल्या नर्मदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं माय! मालनबाई तर गेल्या साली वारल्या की!"

"वारल्या, पण गव्हात होत्या!"

बजरंग दोन पावलं मागं सरला. "साहेब, राख-बिख हाय का काय त्याच्यात? लोकांचं दळण हाय ओ हितं!"

"राख न्हाई रे, फोटो!"

"फोटो कुणी गव्हात ठिवतंय व्हय?"

"बॅकअप हाय तो!"

हा शब्द ऐकून तर बायांनी आपापले डबे उचलले. "मला न्हाई बाई ह्यांच्या मागं दळायचं," असं म्हणत नर्मदाबाई रांगेतून बाहेर पडल्या.

मी कोपरापर्यंत हात घालून गरम पीठ उपसलं. चाळणीनं चाळलं. बजरंगनं शिव्या देत जातं उघडून दाखवलं. काही नाही. धम्मशीलाला आईचं ते हसू आता कधीच दिसणार नव्हतं, आणि ते माझ्या एकट्याच्या शहाणपणामुळं. मला रडू यायलं होतं, खोटं कशाला सांगू.

घरी गेलो तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. दारातच सगळं कबूल करून टाकलं. तिनं शांतपणे फळीवरून दुधाची पिशवी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"न निवडता दळण देते का मी कधी? परातीत गहू वतला की पयलं हेच हाताला लागलं."

मी तोंडावरचं पीठ पुसलं. "मग सकाळी फोटो कशाला मागितलास?"

"मोबाईलबी रिकामा दिसला. म्हणलं बघावं, किती येळ गप बसताव." मग म्हणाली, "पन आई न्हाई ह्याच्यात. मी लॅपटॉपला लावून बघितलं. समदे तुमचेच फोटो हायत."

माझं धाबं दणाणलं. आमच्या हापिसात हल्ली हजेरी म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा. भलताच फोल्डर उचलून वर्षभराची ती माझी घामेजलेली थोबाडं मी गव्हात जपून ठेवली होती, आणि सासूबाईंना पुसून टाकलं होतं.

"मग... आईचा फोटो?"

"काढला त्याच दिशी पाठवलाय माझ्या बहिनीला, पालमच्या बबिताला. तिनं फ्रेमबी करायला टाकला. तुमच्या हातात मोबाईल, आन् मी निवांत बसंन व्हय?"

जीव भांड्यात पडला. मी घाईघाईनं पेनड्राईव्हला हात घातला. "मग हे माझे फोटो पुसून टाकतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नवा गहू भरला की कोठीतच ठिवा. ही तोंडं आत असल्यावर एक किडा फिरकायचा न्हाई."