एकोणीस जण 'येतो' म्हणाले

परकीय भाषा विभागाच्या बाईंनी निकालाचा कागद वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. एकोणीस विद्यार्थी, आणि एकोणिसांपुढे एकच शेरा: 'अपूर्ण'. बाईंची कानशिलं तापली. निम्मा वर्ग तरी पास झाला नाही तर 'आंतरसांस्कृतिक संवाद' हा विषय बंद करू, असं विभागप्रमुखांनी लेखी कळवलं होतं. बाई सात वर्षं हा एकच विषय शिकवत होत्या.

या विषयाची तोंडी परीक्षा परकीय भाषेत होती आणि ती घ्यायला त्या भाषेच्या देशातून एक पाहुणे परीक्षक आले होते. यजमानांचा मान ठेवायचा म्हणून ते सहा महिने पुस्तकावरून मराठी शिकले होते. सगळा घोटाळा या सौजन्यातून झाला.

बाई दार ढकलून परीक्षकांच्या खोलीत गेल्या. "एकालाही काही आलं नाही?"

"सर्वांना उत्तम येत होतं," परीक्षक म्हणाले. "परंतु ते परत आले नाहीत."

चौकशीत कळलं ते असं. पहिल्या मुलीने दहा मिनिटं अस्खलित उत्तरं दिली, उठली आणि सुटकेच्या आनंदात मराठीत म्हणाली, "येते हं सर." परीक्षकांना वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. पाच मिनिटं वाट पाहून त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. तोही येतो म्हणून गेला तो गेलाच. अकरावा तर "आलोच" म्हणाला होता. त्याच्यापायी त्यांनी जेवण सोडलं.

"अहो, येतो म्हणजे जातो," बाई कडाडल्या.

"मग जातो म्हणजे?"

"तसं कुणी म्हणत नाही. बरं दिसत नाही ते."

परीक्षकांनी वहीत टिपून घेतलं. बाईंनी त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं. सहा महिने काय दिवे लावले, ते पुस्तक कुणी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याच्या घरून आजवर एकही पाहुणा उठून गेला नाही का, हे सगळं विचारून झालं. परीक्षक मान डोलावत लिहीत होते, त्यामुळे बाई आणखीच भडकत होत्या. शेवटी परीक्षकांनी एकोणीस शेरे खोडले, एकोणीस जणांना पास केलं, सही केली आणि उठले.

"येतो," ते म्हणाले. उच्चार निर्दोष होता.

बाईंचा पारा अजून उतरला नव्हता. "पुन्हा म्हणून इथे पाऊल ठेवू नका."

परीक्षकांचा चेहरा उजळला. मराठी माणसं उलटं बोलतात हे त्यांना आता पाठ झालं होतं, आणि इतकं आग्रहाचं आमंत्रण त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि पुढच्या वर्षीची तारीख विचारली.