सरकारांचा अर्ज

सरकारांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम एक कात्री असायची. चांदीच्या मुठीची, मखमली म्यानात घातलेली. कुणी उद्घाटनाला बोलावलं आणि तबकातून दुकानातली कात्री पुढे आली, की ते ती दोन बोटांनी बाजूला सारत, खिशात हात घालत आणि म्हणत, "आमची आहे."

हे सरकार म्हणजे एका संस्थानाचे माजी अधिपती. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, कानडी मुलखाला लागून ते संस्थान होतं. इतकं लहान, की नकाशात त्याचं नाव त्याच्या हद्दीत मावत नसे. देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं. राजवाड्यात शाळा भरू लागली. ती सरकारांनी आपणहून भरवू दिली. राणीसाहेब त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा दूर दिल्लीकडे नोकरीला. मग सरकार सोलापुरात आले आणि पूर्व भागात मल्लेशम नावाच्या विणकराच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहू लागले. खाली मल्लेशमचे चादरींचे माग. वर जिन्याच्या एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला मी, माझी आई आणि माझा टायपिंगचा क्लास.

मागांची खडखड आणि यंत्रांची टकटक दिवसभर चाले. मी एकदा संकोचून विचारलं, "सरकार, आमच्या आवाजाचा त्रास होतो का हो?"

"छे! खाली तोफखाना, शेजारी बंदुका. राज्य गेलं, पण लढाई आमच्या सोबतीला राहिली."

माझ्या क्लासचं उद्घाटनही त्यांनीच केलं होतं. फीत कापली, यंत्रासमोर बसले, बराच वेळ शोधून एक 'स' उमटवला आणि भाषण केलं. ते भाषण मी पुढे इतक्या ठिकाणी ऐकलं, की मला पाठ झालं. "आजच्या या मंगल प्रसंगी आम्हांस अतीव संतोष होत आहे. आमच्या प्रजेला या कार्यापासून सौख्य लाभो." लाँड्री असो, सायकलचं दुकान असो, पिठाची गिरणी असो, शब्द तेच. गिरणीवाल्याने पहिलं दळणही त्यांनाच टाकायला लावलं. तेव्हा मिशा, फेटा, पापण्या सगळं पांढरं झालं आणि त्याच रूपात त्यांनी प्रजेला सौख्य चिंतलं. लोक हसत. सरकारही हसत. लोक कशाला हसतात हे त्यांना कळत होतं की नाही, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

पुढे कायदा होऊन संस्थानिकांच्या पदव्या गेल्या. तनखे गेले. मल्लेशमला ही बातमी रेडिओवर कळली आणि तो धावत जिना चढून वर आला. "सरकार, अब तुमको क्या बोलना?" त्याला खरोखरच पेच पडला होता. सरकारांनी क्षणभर विचार केला. "भाडेकरू म्हणा," ते म्हणाले. मल्लेशमने कान पकडले आणि तो त्यांना सरकारच म्हणत राहिला.

बाकीच्यांचं तसं राहिलं नाही. निमंत्रणं कमी झाली. पत्रिकेवर त्यांच्या नावामागे 'माजी' लागलं, मग नाव खालच्या ओळीत गेलं, मग ते कधीकधी छापायचंच राहू लागलं. एका शाळेच्या बक्षीस समारंभाला मी त्यांच्याबरोबर होते. सरकार व्यासपीठावर बसलेले. ऐनवेळी कुणी नगरसेवक आले आणि खुर्ची कमी पडली. एक स्वयंसेवक वाकून सरकारांना म्हणाला, "काका, जरा खाली बसता का? पुढच्याच रांगेत जागा धरलीय." मी तर घाबरलेच. सरकार शांतपणे उठले, खाली आले, पहिल्या रांगेत बसले. थोड्या वेळाने तीही रांग पाहुण्यांना लागली, तेव्हा दुसरीत बसले.

परतताना रिक्षात मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"तो मुलगा आम्हांला काका म्हणाला," ते म्हणाले. "आजवर कुणी म्हणालं नव्हतं. भाऊ नव्हता ना आम्हांला. बरं वाटलं."

बहात्तरचा दुष्काळ आला तो त्यानंतर. शहरात नळाला पाणी नव्हतं, तिथे खेड्यांची काय कथा. रस्त्यारस्त्यावर दुष्काळी कामं निघाली. माणसं दिवसभर खडी फोडायची आणि मुलाबाळांना मदतीत मिळालेली कोरडी सुकडी खाऊ घालायची.

एका दुपारी आमच्या जिन्यावर बरीच पावलं वाजली. मी क्लासचं दार उघडून पाहिलं. दहाबारा माणसं सरकारांच्या दाराशी उभी होती. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. सरकारांच्या जुन्या संस्थानातल्या हालगेवाडी नावाच्या गावची ती माणसं. त्यांच्यात पुढे होती एक म्हातारी. भागव्वा तिचं नाव. बोलणं सगळं तीच करत होती.

"आमास्नी खडी फोडायला लई लांब जावं लागतंय. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, त्येंनी कसं जायाचं? हितंच गावात काम काडा म्हणावं सायबाला. तळं काडा. आमी खांदतो. काम बी हुईल आन् पानी बी ऱ्हाईल की."

"पण आता आमच्या हाती काही नाही हो," सरकार म्हणाले. "तुम्हांला आमच्याकडे कुणी पाठवलं?"

"कुनी न्हाय. सोलापुरात आमचं वळकीचं दुसरं हाय कोन?"

सरकारांनी त्यांना चहा पाजला. मल्लेशमच्या बायकोने खालून भाकरी पाठवल्या. माणसं गेली. सरकार कितीतरी वेळ खिडकीशी उभे होते. मग माझ्याकडे आले आणि मुलींच्या रांगेत मोकळ्या यंत्राशेजारी बसले.

"बाईसाहेब, कलेक्टरांना अर्ज करायचा आहे. आम्ही सांगतो, तुम्ही लिहा. 'येणेप्रमाणे आज्ञा होते की, मौजे हालगेवाडी येथे तलाव बांधण्यात यावा.'"

माझी बोटं थांबली. "सरकार, अर्जात आज्ञा लिहीत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"विनंती."

त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. "लिहा. विनंती."

"आणि 'आम्ही' नाही चालणार. 'मी' लिहावं लागेल."

"तेही लिहा. आज सगळंच जाऊ दे."

शेवटी मी सवयीने 'आपला नम्र' टाइप केलं. ते वाकून बघत होते. "हा कोण?"

"तुम्ही, सरकार."

मुली तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. सरकारांनी पेन काढलं आणि नम्र या शब्दाच्या खाली अगदी जपून, शाळेतल्या मुलासारखी सही केली.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत कचेरीत गेले. त्यांना एकट्याला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. दुष्काळाचे दिवस, कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. दारावरच्या शिपायाने विचारलं, "काय काम काढलंत, आजोबा?"

"साहेबांना भेटायचं आहे."

"आपण करता काय?"

"पूर्वी राज्य करत होतो."

शिपाई हसला नाही. त्याने फेट्याकडे पाहिलं, झिजलेल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं. बसा तिकडं बाकावर. नंबर आला की सांगतो."

नंबर त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब सारखे दौऱ्यावर. सरकार मात्र रोज सकाळी फेटा बांधून, छत्री घेऊन जायचे आणि कचेरी सुटली की परत यायचे. घरी आले की मला तिथल्या बातम्या सांगायचे. कोणाला रेशनकार्ड मिळालं, कोणाच्या गावाला टँकर मिळाला. "त्या करमाळ्याकडच्या बाईंचं काम झालं बरं का," असं सांगताना त्यांना मनापासून आनंद व्हायचा. बाकावरच्या लोकांना ते कोण हे ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना फेटेवाले आजोबा म्हणायचे आणि आपल्या फडक्यातली भाकरी पुढे करायचे.

मला ते बघवेना. एकदा वाटेतच मी म्हटलं, "सरकार, नुसती चिठ्ठी आत पाठवा. नाव कळलं की साहेब उठून बाहेर येतील."

ते चालता चालता थांबले. रस्त्याच्या कडेला लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत गेले.

"आम्ही गादीवर आलो तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होतो," ते म्हणाले. "एकदा शिकारीहून परत आलो, तर वाड्याच्या दारात माणसं बसलेली. सकाळपासून उन्हात. हालगेवाडीचीच. तलाव मागायला आली होती. आमची मोटार त्यांच्यामधून आत गेली. कारभारी म्हणाले, भेटायचं का? आम्ही म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली होती. आम्ही पुन्हा उद्या म्हणालो. मग आम्ही विसरून गेलो, आणि ती यायची बंद झाली."

ते पुन्हा चालू लागले.

"तेव्हा चिठ्ठी नको," ते म्हणाले. "आमचा नंबर येईल तेव्हा येईल."

तो आला. त्या दिवशी मी बरोबर होते. कलेक्टर तरुण होते, डोळे जागरणाने लाल झालेले. त्यांनी अर्ज नीट वाचला. "या गावाशी आपला काय संबंध?"

सरकार चटकन उत्तर देतील असं मला वाटलं होतं. पण ते अडखळले.

"ते लोक एकदा माझ्याकडे आले होते," ते शेवटी म्हणाले.

साहेबांनी अधिक विचारलं नाही. त्याच आठवड्यात इंजिनियर जागा बघून आले आणि हालगेवाडीला पाझर तलावाचं काम सुरू झालं. सरकार अधूनमधून एसटीने तिकडे जायचे आणि कोटावर लाल माती घेऊन परत यायचे. आई तो कोट झटकून द्यायची. त्यांना ते आवडायचं नाही. "राहू द्या थोडी," असं म्हणायचे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तलाव काठोकाठ नाही, पण अर्ध्याच्या वर भरला. उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. हालगेवाडीची माणसं पुन्हा आमचा जिना चढून आली आणि हट्ट धरून बसली, की फीत राजांनीच कापायची, मंत्र्याला आम्ही सांगतो.

"नको," सरकार म्हणाले. "ज्यांचं राज्य आहे, त्यांनी करावं. आम्ही बघायला येऊ."

एका फितीला सरकार नको म्हणाले, हे मल्लेशमला कितीही सांगितलं तरी पटेना.

आम्ही दोघं एसटीने गेलो. मांडव, माईक, हारतुरे सगळं होतं. सरकार व्यासपीठाकडे फिरकलेच नाहीत. मागे माणसांत, जमिनीवर मांडी घालून बसले आणि प्रत्येक भाषणाला टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांच्या गाड्या गेल्या, मांडव सुटायला लागला, तेव्हा ते उठले आणि बांधावर जाऊन पाण्याकडे पाहत उभे राहिले. मी मागोमाग गेले. भागव्वा तिथेच दगडाला टेकून बसली होती.

सरकार तिच्यासमोर उभे राहिले. हातातली छत्री त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"आजी, फार वर्षांपूर्वी तुमच्या गावची माणसं आमच्या दारी आली होती. याच कामासाठी."

"ठावं हाय की," भागव्वा म्हणाली. "माजं मालक हुतं त्यात. सिद्धाप्पा."

म्हातारी सहज बोलत होती, काल बाजारात काय झालं ते सांगावं तशी.

"दोन दीस बसलं उनात. मंग आलं परत. मानसं लई चिडली हुती. शिव्या देत हुती तुमास्नी. आमच्या मालकानं न्हाय दिल्या. म्हनायचं, राजा वाईट न्हाय, पोरगं हाय ते. आय न्हाय, बाप न्हाय, त्येला सांगनार कोन? मरंपातुर त्येच म्हनत हुतं."

सरकार हळूच खाली बसले. तिच्याशेजारी, दगडावर. पाण्यावर वारा होता आणि त्यांच्या फेट्याचा शेमला सारखा तोंडावर येत होता. तो त्यांनी सारला नाही.

"कसे दिसायचे ते?" त्यांनी विचारलं.

"कोन?"

"तुमचे मालक. आम्ही मोटारीतून गेलो ना. कुणाकडे पाहिलंच नाही."

भागव्वा लाजली. एवढी म्हातारी बाई, पण तिने पदर तोंडाला लावला. "आता काय सांगू बाई तुमास्नी..." असं ती माझ्याकडे बघून म्हणाली.

खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. सोलापूरची ती शेवटची गाडी होती. "सरकार, बस आली," मी म्हटलं.

"जाऊ द्या ती," ते म्हणाले. मग भागव्वाकडे वळून, "हं. सांगा."

"उंच हुतं," भागव्वा म्हणाली. "दारातनं आत येताना वाकावं लागायचं. रंगानं काळंच. दात मातुर लई पांढरं. आन् हसाय लागलं की डोळं मिटायचं बगा, पार मिटायचं..."

एसटी धूळ उडवत वळणापलीकडे गेली. गावात कुणाकडे झोपायची सोय होईल का ते विचारायला मी बांध उतरू लागले. मागून भागव्वाचा आवाज येत राहिला, आणि मधूनमधून सरकारांचा. "मग?" ते विचारत होते. "मग काय म्हणाले ते?"