देवळास सहावा मजला नेमून दिला त्याची हकीकत

जो पर्वत हलवितो आणि त्याकरिता कोणत्याही कचेरीत अर्ज करीत नाही, त्या कर्त्यास नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, बुलडोझरनाम संवत्सरी, कार्तिक मासी, शुक्रवारी जे वर्तले ते लिहिले असे. बाळांनो, मनात आणावे की आपण एका थोर राज्याच्या राजधानीत, ऐन मध्यभागी, जुन्या पेठेत उभे आहो. डावीकडे पाहावे तो खड्डा, उजवीकडे पाहावे तो पत्र्याचे कुंपण, आणि कुंपणावर रंगीत चित्र, त्यात गोरीपान माणसे हिरवळीवर हसत आहेत. असे हसणारे पेठेत पूर्वी कोणी राहत नव्हते, पुढे राहावे अशी दरबारची इच्छा. कारण महाराजांनी फर्माविले की शहराचे हृदय सुंदर करावे, आणि मग हृदयात जी माणसे होती ती प्रथम काढण्यात आली. भाजीवाल्या उठविल्या, कल्हईवाले उठविले, आणि तळघरांत मोटारींस अशा ऐसपैस जागा बांधून दिल्या की तेवढ्या एकेका जागेत पूर्वी दोन कुटुंबे सुखाने नांदती.

ह्या धामधुमीत एक ख्रिस्ती देऊळ मात्र राहून गेले होते. बाहेरचे लोक त्यास चर्च म्हणत, मंडळीचे लोक देऊळच म्हणत. तेथील पाळक भास्करराव उजागरे स्वभावाने गरीब, बोलण्यात सावकाश, आणि देवळाचा दगडी ओटा त्यांनी भाजीवाल्यांच्या मुलांस अभ्यासाकरिता मोकळा सोडला होता, आणि दुपारी स्वतः बसून पाढे घेत. त्या मुलांत बिजली नावाची नऊ वर्षांची मुलगी, कोथिंबीर विकणाऱ्या हौसाबाईची लेक, प्रश्न विचारण्यात अशी मातबर की सातवा प्रश्न आला म्हणजे पाळकसाहेब पाणी पिण्यास उठत.

मग देवळावर जयसिंगराव मोहोळकर चालून आले. लोक त्यांस बिल्डर म्हणत, ते स्वतःस विकासक म्हणवीत. संगे फौज काही नव्हती, एक नकाशा आणि एक पेढ्यांचा पुडा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे नकाशा उलगडून ते म्हणाले, "जागा आम्हांस द्यावी. येथे स्वर्गशिखर नावाचा टॉवर होईल आणि अख्खा सहावा मजला तुमच्या देवळाला. लिफ्ट, एसी, गादीच्या खुर्च्या!" हे ऐकून पंच बहुत संतोष पावले. मुख्य पंच याकोबराव वैरागर यांचे गुडघे तीन वर्षे दुखत होते, त्यांनी लिफ्ट हा शब्द कानी पडताच उपकार मानले. दुसरे एक पंच म्हणाले, "पाळकसाहेब, प्रभू वर आहे. आपण सहा मजले जवळ जातोय, यात वाईट काय?" आणि ह्या धर्मज्ञानाची सर्वांनी वाहवा केली.

पाळकसाहेबांसही मोह पडला, हे लपवू नये. त्यांच्या घराचे छप्पर गळत होते आणि विकासकाने त्यांस दोन खोल्यांचा कोरडा ब्लॉक देऊ केला होता. त्यांनी भीतभीत विचारिले, "आणि ओट्यावरची मुलं?"

"येऊ द्या की," जयसिंगराव उदार होऊन म्हणाले. "खाली रखवालदाराला ओळखपत्र दाखवायचं, कुणाकडे आलो ते सांगायचं, आणि यायचं."

कोथिंबिरीच्या टोपलीजवळ वाढलेल्या पोरीस ओळखपत्र कोठले, हा विचार पाळकसाहेबांच्या मनात आला आणि गेला नाही. इतक्यात दाराआडून बिजली बोलली, "पाळकबाबा, देव पण वर राहायला जाणार? मग खाली कोण?" पाळकसाहेब पाणी पिण्यास उठले.

काम तातडीचे होते. संमतीचा ठराव त्या शुक्रवारी पाचाच्या आत कचेरीत रुजू न जाहाला तर टॉवराकरिता दरबारने विकासकास दिलेली सवलत बुडत होती. म्हणोन तीन वाजता सभा भरली, ठराव लिहून तयार, पाळकसाहेबांची सही तेवढी उरली. तेव्हा जयसिंगरावांस वाटले की ही भाविक माणसे, थोडी भाविकता आपणही दाखवावी. हात जोडून म्हणाले, "आधी प्रार्थना होऊ द्या. आणि ह्या वयोवृद्ध मातोश्रींनीच करावी." बोट होते सुवार्ताबाई आढाव यांजकडे. पंचांची तोंडे उतरली. कारण मंडळीत सुवार्ताबाईंस प्रार्थना कोणी सांगत नसे. एका लग्नात जेवणापूर्वी सांगितली, तेव्हा बिर्याणी दोनदा तापवावी लागली आणि नवरदेव उभ्याउभ्या झोपला. आणि रिवाज असा की प्रार्थना सुरू जाहाली म्हणजे सर्वांनी उभे राहावे, डोळे मिटावे, आणि आमेन होईतो बसू नये, बोलू नये, जाऊ नये.

"साहेब, काय करून बसलात हे!" याकोबराव कुजबुजले, आणि डोळे मिटते जाहाले.

सुवार्ताबाईंनी महाराजांसाठी मागितले, मग पावसासाठी मागितले, मग पेठेत उतरल्या, आणि दुकानामागून दुकान, जो जो उठविला गेला त्याचे नाव घेत चालल्या. हौसाबाईस सावली दे, म्हणाल्या. भिकू कल्हईवाल्याच्या भट्टीस जागा दे, म्हणाल्या. "आणि प्रभू, ह्या याकोबाच्या आजोबाला आठव. पटकीच्या साथीत गावानं हाकलला, तेव्हा ह्याच ओट्यावर निजला होता. कुणी ओळखपत्र मागितलं नाही रे त्याला." याकोबरावांनी नाक ओढले. जयसिंगरावांनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिले. "आणि जे घड्याळ बघतात, त्यांनाही क्षमा कर," सुवार्ताबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. चार वाजले तेव्हा विकासकाचा धीर सुटला आणि ते मोठ्याने "आमेन!" ओरडले. मंडळीस वाटले की यांस पवित्र आत्म्याने स्पर्श केला, सर्वांनी "हालेलूया!" म्हटले, आणि बाईंस नवा जोर चढला.

खरे आमेन साडेचारास जाहाले. "अजून कचेरी गाठू! सही, पाळकसाहेब, सही!" जयसिंगरावांनी पेन त्यांच्या हाती कोंबले. पाळकसाहेबांनी पेन धरिले, कागदावर टेकिले, आणि दारातून ओट्याकडे पाहिले.

तोच बिजली ओट्यावरून तडक आत आली. "आजी, किल्ल्या बनवणारे रशीदचाचा राहिले. त्यांचं नाव नाही घेतलंत तुम्ही."

"अगं बाई! मग तूच घे. माझा घसा बसला."

"ही पोर तुमच्या मंडळीची तरी आहे का?" जयसिंगराव गरजले. "हिची प्रार्थना कसली धरता?"

सर्वांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. एक शब्द बोलावा की ही सभासद नाही, आणि कोरडा ब्लॉक आपला, हे ते जाणत होते. त्यांनी पेनास टोपण लाविले. "प्रार्थनेला सभासद लागतो, असं शास्त्रात मला कुठं आढळलं नाही," ते सावकाश म्हणाले. "उठा सगळे." आणि याकोबराव त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी सर्वांआधी उठले.

येणेप्रमाणे सवलत बुडाली, जयसिंगराव दुसऱ्या राज्यात सौंदर्य करावयास गेले, देऊळ जमिनीवरच राहिले, पाळकसाहेबांचे छप्पर आजही गळते, आणि सकाळी आवारात भाजीवाल्या बसतात. याहून मोठा पराक्रम मंडळीच्या दप्तरी नाही. परंतु बाळांनो, तुम्ही पुसाल की त्या घटकेस बिजलीने काय केले. तर तिने डोळे घट्ट मिटले, आणि एकट्या रशीदचाचांवर न थांबता, आणखी कोणी सुटला असेल म्हणोन, पेठेच्या पहिल्या टोकापासून एकेक नाव घ्यावयास लागली.