बरणीतला लांडगा

माधव नगरातल्या घरामागे गुलाबाच्या आळ्यातलं तण उपटताना शैलेंद्र पाग्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी हात झटकला, तर पाल्याखालून एक तपकिरी, केसाळ कोळी धावत बाहेर आला.

"मृण्मयी, मला कोळी चावला!"

"काटा असेल हो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "धुऊन टाका हात."

पण पाग्यांची बँकेतली सगळी नोकरी जोखीम तपासण्यात गेलेली. वाईटात वाईट काय होईल, हेच त्यांना आधी सुचे. "चावलं कोण ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध कसलं देणार?" म्हणत त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी कोळ्यावर उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला, झाकण आवळलं आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मेहुण्याला, अभिजीतला, फोटो पाठवला.

"जिजाजी, फोटो हललाय," अभिजीतचा निरोप आला. "त्याचे डोळे मोजून सांगा. कुठे किती आहेत तेही."

पाग्यांनी श्वास रोखून बरणीला नाक लावलं. "मोठे दोन... खाली बारीक चार... वर अजून दोन..." एवढं कळवेपर्यंत कोळ्याची पाठ हलली. नुसती हलली नाही, ती सगळीच्या सगळी वळवळत होती! पाग्यांना बोट सुन्न पडल्यासारखं वाटू लागलं. "पाठ वळवळतेय!" एवढं अभिजीतला कळवून ते बरणी घेऊन तसेच ऑटोत बसले.

डॉक्टर प्रसादांनी भिंगातून बोट पाहिलं, चिमट्याने गुलाबाचा काटा ओढून काढला. "झालं. जा घरी."

"आणि हा?" पाग्यांनी बरणी टेबलावर ठेवली. डॉक्टर खुर्चीसकट भिंतीला टेकले.

तेवढ्यात अभिजीतचा फोन आला. गडबडीत स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"जिजाजी, ओळखला! लांडगा आहे, लांडगा! मादी आहे, पिल्लं आहेत सोबत, पाठीवर. कोळ्यांत यांना लांडगाच म्हणतात, पण माणसाला..."

पुढचं ऐकायला पडद्यापलीकडची मीना थांबलीच नाही. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या तिला, या हिंदी गावातल्या बहुतेकांसारखी, मराठी अर्धीच कळे. "लांडगा मतलब?" तिने बाकावरच्या बाईंना विचारलं.

"भेड़िया."

"भेड़िया? बच्चों के साथ?"

बाकं रिकामी झाली. सलाइन लावलेले एक आजोबा आपली बाटली आपणच उंच धरून रस्त्यावर पोचले. बाहेर ओरडा सुरू झाला. "अंदर भेड़िया है!" "बैंकवाले साहब को फाड़ दिया!" कुणी लाठी आणली, कुणी जंगलवाल्यांना फोन केला.

"पागे, आत्ता बाहेर पडू नका," डॉक्टर तपासणीच्या टेबलावर चढून म्हणाले. "लोक हिला ठेचतील."

एवढा वेळ जिच्या भीतीने पाग्यांना घाम फुटला होता, तिच्यासाठी आता फुटला. "अहो, लेकुरवाळी आहे ती!" त्यांनी बरणी छातीशी धरली.

जंगलवाल्यांची गाडी आली. जाळं, काठ्या, भलामोठा पिंजरा. धिप्पाड वनरक्षक दार ढकलून आत शिरला.

"किधर है?"

पाग्यांनी बरणी पुढे केली. वनरक्षकाने वाकून पाहिलं आणि तो दारापर्यंत मागे गेला.

"साहब, भेड़िया होता तो पकड़ लेते," तो हळूच म्हणाला. "मकड़ी को हम हाथ नहीं लगाते. बचपन से."

बाहेरची गर्दी मात्र काही पकडून नेल्याशिवाय हलेना. शेवटी पाग्यांनी स्वतः बरणी पिंजऱ्याच्या मधोमध ठेवली, दाराला कुलूप घातलं, आणि तिला परत गुलाबाच्या आळ्यात सोडायला गाडी माधव नगराकडे निघाली. मागे पिंजऱ्याला टेकून पागे वरच्या गजांवर रुमाल पसरून बरणीवर सावली धरून बसले होते. पुढच्या सीटवरचा वनरक्षक दर वळणावर मान वळवून विचारत होता,

"साहब, ढक्कन टाइट है ना?"