सूपवालीचं नाक

दहिवलीच्या स्नेहबंध वसाहतीत एकंदर सात पुतळे होते: दोन बगळे, एक बेडूक, एक म्हैस, एक मोर, एक पुस्तक वाचणारा मुलगा आणि एक सूप घेऊन बसलेली बाई. सगळे सिमेंटचे आणि सगळे अप्पांनी केलेले. अप्पा तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत. वसाहत नवी होती, कोपरे रिकामे होते. तारेची जाळी वाकवून, तिच्यावर सिमेंट थापून अप्पांनी उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्यांत ते भरून काढले.

आता हिशेब असा होता. मोर पाण्याच्या टँकरने मागे येताना घेतला. म्हशीवर वसाहतीतली सगळी पोरं बसून मोठी झाली आणि शेवटी एका पावसाळ्यात म्हैसच बसली. बेडूक नव्या टाकीच्या भिंतीत चिणला गेला. त्याचा एक डोळा तेवढा अजून बाहेर आहे. एक बगळा चोरीला गेला. दुसऱ्याच्या पायाची नुसती सळई उरली, पण तो मुळात एकाच पायावर उभा असल्यामुळे ते पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. वाचणाऱ्या मुलाचं आधी पुस्तक गेलं, मग बोटं गेली. तो आता दोन्ही हात पुढे करून प्रसादाची वाट बघत बसतो.

धड राहिली ती कोपऱ्यावरची बाई. लोक तिला सूपवाली म्हणत. "सूपवालीच्या पुढे डावीकडे" एवढा पत्ता रिक्षावाल्याला पुरे व्हायचा. ती कोण, हे अप्पांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाक होतं.

"माझं नाक एवढं आहे?" त्यांची बायको इंदूबाई गेली चाळीस वर्षं विचारत होती.

"ती तू नाहीसच मुळी. ती एक बाई आहे."

"मग त्या बाईचं नाक येता-जाता लोक माझ्या तोंडावर का शोधतात?"

"जसं दिसलं तसं केलं," अप्पा म्हणायचे, आणि आपण दोन उलट गोष्टी बोललो हे ध्यानात यायच्या आत पेपर उघडायचे.

या वर्षी अप्पांना ऐंशी पूर्ण होणार होती, आणि वाढदिवस गणपतीनंतरच्या रविवारी येत होता. त्यांची मुलगी सुनीती मोहोपाड्याच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची तपासणी करते. गोळीची जाडी केसभर इकडेतिकडे झाली तर सगळा माल थांबवणारी मुलगी. तिने ठरवलं की अप्पांना कळू न देता सूपवाली रंगवून घ्यायची. कडावला येसाजीचा गणपतीचा कारखाना होता. येसाजी अप्पांचा जुना विद्यार्थी.

"गुरुजींची बाय? आनंदानं करतो," येसाजी म्हणाला. "पन तिला रस्त्यावं रंग नाय लावायचा, ताई. धूळ बसंल. गनपती घरोघर गेलं की कारखाना मोकळा व्हतो. तवा आनतो टेंपोत घालून."

त्याप्रमाणे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे येसाजीची माणसं आली आणि सूपवालीला उचलून घेऊन गेली. आतून पोकळ असली तरी चौघांना घाम फुटला. अप्पा त्या दिवशी घरच्या गणपतीच्या गडबडीत होते. ते कोपऱ्याकडे फिरकले दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि गेले तसे परत आले.

"सुनीती," ते दारातच थांबले. "ती नाहीये."

सुनीतीला वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, रंग एव्हाना सुकला असेल. तासाभरात बाई जागेवर येईल आणि अप्पा चकित होतील. ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

"येसाजीदादा, झाला का रंग?"

"झाला की! लुगडं हिरवंगार केलंय. काठ पन काढलाय."

"मग आत्ताच्या आत्ता आणून ठेवा."

फोनवर कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग इकडचे तिकडचे पाट सरकवल्याचा.

"ताई," येसाजी म्हणाला, "गौर हाय. बाय नाय."

भानगड पाटाची होती. येसाजीच्या कारखान्यात गिऱ्हाईक आपला पाट आधी आणून देतं. पाटाच्या मागे खडूने नाव घातलेलं असतं, आणि मूर्ती त्याच पाटावरून घरी जाते. न्यायला कोणीही येवो, मूर्तीचं तोंड बघत नाही, पाट बघतो. जमिनीला ओल होती म्हणून येसाजीने सूपवालीला त्यातल्या त्यात दणकट पाटावर बसवलं होतं. तो फणसाचा, चांगला चौरंगाएवढा पाट कडावच्याच महिला मंडळाचा होता. मागे नाव होतं: धोंडूबाई. आज गौरी यायचा दिवस. येसाजी शेजारी किल्ली ठेवून दुसरीकडे मूर्ती पोचवायला गेला असताना मंडळाचा टेंपो आला, टेंपोवाल्याने पाट बघितला आणि पाटावर जे होतं ते वाटेवरच्या चौघांच्या मदतीने चढवून नेलं.

सुनीती गॅलरीतून आत आली तेव्हा अप्पा घरात नव्हते. ते कोपऱ्यावर, सूपवालीच्या रिकाम्या चौथऱ्यावर जाऊन बसले होते. गळ्यात पुठ्ठा होता. त्यावर चित्रकलेच्या शिक्षकाच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: आमची बाई परत द्या.

भोवती वसाहत जमली होती आणि मधोमध वसाहतीचा सेक्रेटरी अनुपम उभा होता. त्याने मागच्याच महिन्यात त्या कोपऱ्यासाठी 'आय लव्ह स्नेहबंध' अशी दिव्यांची अक्षरं मागवली होती.

"अप्पा, शपथ, मी नाही हो हलवली!"

"मग अक्षरं कशाला मागवलीस?"

"अक्षरं शेजारी मावत होती!"

"मोर गेला, म्हैस गेली, मी बोललो का कधी?" अप्पा म्हणाले. "आता बोलणार. ती येईपर्यंत इथून हलणार नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "दुपारी एकला जेवायला घरी जाईन. साखरेची गोळी असते."

सुनीतीने आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. इंदूबाईंनी गॅस बंद केला.

"कडावला? धोंडीच्या मंडळात?"

"तू ओळखतेस त्यांना?"

"माझं माहेर आहे गं ते. धोंडी आणि मी एका बाकावर होतो. चल."

"आधी अप्पांना सांगते."

"अजिबात सांगायचं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "बसू देत. पन्नास वर्षांत माझ्यासाठी कुठे बसलेत?"

कडावला मंडळाच्या खोलीत सूपवाली मखरात बसली होती. सिमेंटच्या हिरव्या लुगड्यावरून खरी जरीची साडी, गळ्यात हार, सुपात तांदूळ आणि नाकात नथ. पुढे बायका फेर धरून नाचत होत्या.

सुनीतीने धोंडूबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही उभी गौर सांगितली होती ना? मग ही बसलेली बघून काही वाटलं नाही?"

"वाटलं की. म्हनलं, दमून आली आसंल."

"आणि जड नाही लागली?"

"लय जड! सा जनी लागलो उतरवायला. म्हनलं, यंदा गौर भरल्या पावली आलीय. आन सूप घेऊन आली म्हंजी गौरच की गं, दुसरं कोन?"

"मावशी, तो पुतळा आहे. आमच्या कोपऱ्यावरचा. आम्हाला परत न्यायचाय."

धोंडूबाईंचा चेहरा बदलला. "आता कसा नेशील? पुजली तिला. बसलेल्या गौरीला मधनं उठवत्यात व्हय? उद्या जेवंल, परवा नदीवं जाईल."

"ती सिमेंटची आहे, मावशी! विरघळणार नाही!"

"ते तिचं ती बघंल. आमी काय करनार?"

सुनीतीच्या डोळ्यांपुढे नदीच्या तळाशी बसून कायमचे तांदूळ पाखडणारी सूपवाली आली, आणि वर चौथऱ्यावर पुठ्ठा घालून बसलेले अप्पा.

तेवढ्यात चपला काढून इंदूबाई आत आल्या. फेर थांबला. बायकांनी एकदा इंदूबाईंकडे बघितलं, एकदा मखराकडे, पुन्हा इंदूबाईंकडे.

"अगं बया," धोंडूबाई म्हणाल्या. "तरी म्हनलं, गौर वळखीची का वाटतीया! इंदे, तुजं नाक गं!"

"माजं नाय ते," इंदूबाई म्हणाल्या. कडावात शिरल्या की त्यांचं बोलणं आपोआप कडावचं होई.

"तुजंच हाय. दरसाल नथ घसरती, दोऱ्यानं बांधावी लागती. यंदा बघ कशी पक्की बसलीया."

इंदूबाई सूपवालीच्या समोर खाली बसल्या. चाळीस वर्षांत त्या तिच्यापुढून रोज भाजीची पिशवी घेऊन गेल्या होत्या. समोर बसून तिच्याकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग कोणीतरी दोघींनाही हळद-कुंकू लावलं.

"केली कुनी गं ही?" धोंडूबाईंनी विचारलं.

"आमच्या ह्यांनी. तिकडं तिच्या जागेवं बसून राह्यलेत सकाळधरनं. म्हनत्यात, ती आल्याबिगर उठायचा नाय."

धोंडूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मग आधी नाय सांगायचं व्हय? नवरा वाट बघत बसलाय आन मी बाईला नदीत सोडू? पन उद्याचं जेवून जाऊ दे. म्हायेरी आलीय, उपाशी नाय धाडनार."

दुसऱ्या दिवशी सूपवालीला कडावात घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला. दहिवलीत अप्पा चौथऱ्यावरच होते. अनुपमने त्यांच्यावर छत्री धरली होती, कारण अप्पा भिजून आजारी पडले असते तर तेही त्याच्याच नावावर गेलं असतं.

"अप्पा, एका पुतळ्यासाठी का हो एवढा त्रास?" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "दुसरा करू की."

"दुसरा होत नाही," अप्पा म्हणाले. "मी रोज सकाळी इथून जातो तेव्हा ती बत्तीस वर्षांची असते. घरी जातो तेव्हा चौऱ्याहत्तरची. मला दोघी लागतात."

मागे चहाचा थर्मास घेऊन इंदूबाई उभ्या होत्या. त्यांनी कप भरला. अप्पांनी घोट घेतला आणि दचकून वर बघितलं. चहात साखर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेंपो आला. आधी गाणी ऐकू आली, मग बायका दिसल्या आणि मग त्यांच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली सूपवाली, ओटीत नारळ आणि खण घेऊन. अप्पा चौथऱ्यावरून उतरले, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. अनुपमने न सांगता बाह्या सरसावल्या.

"गुरुजी, तुमची बाय," धोंडूबाई म्हणाल्या. "म्हायेरपन झालं. सांभाळा."

सूपवाली जागेवर बसली. सुनीतीने पुढे होऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं. अप्पा ऐकत होते, पण त्यांचे डोळे पुतळ्यावर फिरत होते.

"काठ छान काढलाय येसाजीने," ते म्हणाले. मग वळून इंदूबाईंना म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"तुम्ही बसलात त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बघत होते, किती बसता ते."

अप्पांनी गळ्यातला पुठ्ठा काढला आणि अनुपमच्या हातात दिला. अनुपम तो हातात धरून, आता कोणी आपली माफी मागतंय का, हे बघत उभा राहिला. कोणी मागितली नाही, पण सुनीतीने त्याला नारळातलं मोठं भकल दिलं.

धोंडूबाई सूपवालीची नथ उतरवायला लागल्या. नथ निघेना.

"बघ, इंदे! आसं नाक पायजे!"

"माझं एवढं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "यांनी मुद्दाम मोठं केलं. चाळीस वर्षं सांगतेय."

"जसं दिसलं तसं केलं," अप्पा म्हणाले. आज जवळ पेपर नव्हता, म्हणून ते बगळ्याकडे बघू लागले.

"सुनीती," इंदूबाई म्हणाल्या, "तुझं ते गोळ्या मोजायचं आहे ना पिशवीत? काढ. आज निकाल लागू दे."

सुनीतीने गोळीची जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. दोन भुवयांच्या मधल्या खळीपासून शेंड्यापर्यंत, आधी पुतळ्याचं, मग आईचं, प्रत्येकी तीनदा मोजलं. नव्या रंगाचा थर वजा केला. सगळ्या बायका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

सूपवालीचं नाक एकोणपन्नास मिलिमीटर भरलं. इंदूबाईंचं त्रेपन्न.