वामनरावांनी होल्डवर ठेवलेली बाटली

आमच्या शेजारच्या वामनरावांनी एकदा लग्नातली जिलबी होल्डवर ठेवली होती. एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि केटररला म्हणाले, "हा लॉट होल्ड. दुसरा घाणा आण." केटररने मुकाट्याने आणला. याच आवाजापुढे गावाबाहेर सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात कोळशाचे ट्रक थांबत असत.

वामनराव तिथे क्वालिटी कंट्रोलला होते. आलेला माल पास तरी करायचा, रिजेक्ट तरी करायचा, नाहीतर होल्डवर ठेवायचा. ते निवृत्त झाले, पण माल येणं काही थांबलं नाही. हातगाडीवरची पपई रिजेक्ट होते, कामवालीचा चहा होल्डवर जातो. माझी पुरणपोळी पास झाली आहे, पण शेऱ्यासकट.

त्यांच्या मुलीने, पल्लवीने, हरप्रीतशी लग्न ठरवलं तेव्हाही ते "होल्ड" म्हणाले. लग्न झालं, ते पंगतीत जेवले, निकाल मात्र दिला नाही. जावई-सासऱ्यांची गाडी नमस्तेच्या पुढे सरकेना. वामनरावांच्या पत्नी, सुमनवहिनी, होत्या तोवर दोघांचे निरोप त्याच इकडून तिकडे पोचवत. त्या गेल्यावर बंगळूरहून पल्लवीचा फोन येई, जावयाचा नाही.

गेल्या दिवाळीत हरप्रीतने विमानतळावरून व्हिस्कीची एक बाटली आणली. "पापाजी, सिंगल माल्ट है. महंगी वाली नहीं, शुरुआत वाली है. पीकर बताइए, कैसी लगी."

निवृत्तीनंतर वामनरावांचं मत कुणीतरी आपणहून विचारण्याची ती पहिलीच वेळ.

पोरं बंगळूरला परतली आणि मला बोलावणं आलं. "वहिनी, येता का जरा? सॅम्पल काढून राहिलो. साक्षीदार लागते, इंग्रजी वाचणारा."

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर बाटली, खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण आणि काचेची एक लांब नळी. ट्रकातला कोळसा वरून, मधून आणि तळातून काढून तपासतात, म्हणून त्यांनी नळीने बाटलीच्याही तिन्ही थरांतून थोडं थोडं काढलं. पातळ पदार्थ सगळीकडे सारखाच असतो, असं मी सुचवून पाहिलं.

"कोळसेवालाही हेच म्हणे," ते म्हणाले.

मी लेबल वाचलं. एकाच कारखान्यात, फक्त बार्लीच्या माल्टपासून बनवलेली. मध, व्हॅनिला, सफरचंद.

"हे सारं टाकलं यात?"

"टाकलेलं नाही. वास येतो म्हणतात."

"कोण म्हणते?"

"विकणारे."

"मंग ते सप्लायरचं सर्टिफिकेट झालं. आपली टेस्ट वेगळी."

त्यांनी झाकण नाकाशी धरलं, मग घोट घेतला. म्हणाले, "आधी चटका. मंग मोहाचं सुकलेलं फूल. मागून गुळाची कढई." दुसऱ्या मापात पाण्याचे चार थेंब घातले तसा वास मोकळा झाला. मला तर सुताराच्या दुकानात कुणी सफरचंद कापल्यासारखं वाटलं. मी झाकणभर घेतली. आमच्या घरी हे माहीत आहे.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"होल्ड."

रविवारी हरप्रीतचा फोन आला. आपणहून, थेट सासऱ्यांना. "पापाजी, कैसी लगी?" वामनरावांनी मोहाचं फूल सांगितलं, कढई सांगितली, आणि निकाल बाकी आहे म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा टेस्ट, पुन्हा फोन. बोलता बोलता बंगळूरचं पाणी निघालं, हरप्रीतच्या वडिलांचा गुडघा निघाला. पावसाळा आला तरी बाटली अर्ध्यापर्यंतसुद्धा उतरली नव्हती.

"आता काहून अडवून ठेवता बिचारीला?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

ते झाकण पुसत राहिले. "वहिनी, पास झालेला ट्रक खाली होऊन जाते. रिजेक्ट झाला, तोही जाते. होल्डवाला तेवढा गेटवर थांबते. त्याचा ड्रायव्हर आपल्यापाशी येऊन बसते, चहा पिते, गोष्टी सांगते."



मागच्या रविवारी मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता. हरप्रीतचा आवाज जरा पडलेला वाटला. "पापाजी, मुझे लगता है आपको पसंद नहीं आई. लिहाज में बोल नहीं रहे. कोई बात नहीं, किसी को दे दीजिए. अब मैं नहीं पूछूँगा."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला सल्ला विचारलेला नाही, तेव्हाही विचारला नाही. फोन दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "बेटा, वो तो पहले ही दिन पास हो गई थी."

"तो बताया क्यों नहीं?"

"बता देता तो तू फोन काय के लिए करता?"

 वामनराव टेबलाची कड नखाने खरवडत होते.

मग हरप्रीतने विचारलं, "पापाजी, आज वाली ली?"

"अभी नहीं."

"तो लीजिए. आराम से. फिर बताइए, पल्लवी बचपन में कैसी थी. वो तो कुछ बताती नहीं."

वामनरावांनी झाकण भरलं. वर्तमानपत्रावर दोन थेंब पडले. मी उठून दार लोटून घेतलं आणि घरी आले. त्या रविवारी साक्षीदाराची गरज नव्हती.