हफीजभाई पाण्याबरोबर जातात

पाऊस सुरू झाला की आमच्या ऑफिसातले हफीजभाई डोळे मिटून निघून जात. खुर्चीवर बसलेलेच असत, हातात पेनही असे, पण माणूस जागेवर नसे. मी चामोर्शीला नवा रुजू झालो तेव्हा मला वाटलं, झोपले. शिपाई मेश्राम म्हणाला, "झोपले नाई साहेब. पाण्यासंगं गेले."

ते पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. नकाशावर मेणकापड ठेवून टेकड्या, नाले, तलाव शाईनं गिरवायचे. त्या भागातला प्रत्येक ओहोळ वीस वर्षं हातानं काढल्यामुळे तो त्यांच्या अंगात मुरला होता. वर डोंगरात सर पडली, की हफीजभाई मनानं थेंबाबरोबर उतरायला लागत. ओठ हलत. "बांबूच्या बनात हाये... तिथी पाला लय, हळू चालते... आता मोहाखालून... हं, ढिवरांच्या तलावात शिरलं." मध्येच कुणी फाईल मागितली तर मेश्राम हात आडवा करायचा. "थांबा जी, अजून तलाव भराचा हाये."

मी इंजिनिअर, कराडचा. पडलेल्या पावसातलं किती पाणी नाल्यात वाहून येईल, याचे तक्ते माझ्या टेबलावर काचेखाली लावलेले होते. पाऊस इतका, क्षेत्र इतकं, उतार इतका, की झालं उत्तर. जूनमध्ये एकदा सकाळी धो धो कोसळला. मी गणित मांडलं आणि जाहीर केलं, दुपारी दोनला मुलचेऱ्याच्या रस्त्यावरचा रपटा पाण्याखाली जाणार. हा रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. तो बुडला की एस.टी. बंद आणि पलीकडची माणसं पलीकडेच.

हफीजभाईंनी डोळे उघडले. अंगणात गेले, मातीत करंगळी खुपसली आणि परत आले.

"नाई येत साहेब. माती उपाशी हाये. सारं पिऊन घेईन."

दोन वाजले, चार वाजले, रपट्यावर बकऱ्या बसलेल्या होत्या. पुढं ऑगस्टात जेमतेम भुरभुर झाली तर हे म्हणाले, "आज येते. मातीचं पोट भरलं हाये, आता थेंब ठेवत नाई ते. सव्वाचारले पहा." मी गालातल्या गालात हसलो. चार वाजून वीस मिनिटांनी रपटा दिसेनासा झाला. पाच मिनिटांच्या फरकाबद्दल हफीजभाई दोन दिवस हळहळत होते. वाटेत कुणीतरी धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, नवी पाळ घातली असणार, असा त्यांचा संशय होता.

मी तक्ते काचेखालून काढले नाहीत, पण त्यावर चहाचा कप ठेवायला लागलो. गावाला त्यांच्या शब्दाची इतकी खात्री, की एस.टी.चा कंडक्टर बस सोडण्याआधी खिडकीशी येऊन विचारायचा, "हफीजभाई, जाऊ का?" इतक्या वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं, असं सगळे सांगत. त्यांना स्वतःलाही त्याचा अभिमान होता. बाकी मिरवण्यासारखं फार काही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी शबाना मुलचेऱ्याला दिलेली, शिंप्याच्या घरात. पावसाळ्यात कामं थंडावली की वर्षातून एकदा चार दिवस यायची. ते चार दिवस हफीजभाई इस्त्रीचा शर्ट घालत.

त्या वर्षी ती सप्टेंबरात आली. जायच्या दिवशी पिशवी घेऊन बापाचा निरोप घ्यायला ऑफिसात आली. सकाळी एक हलकी सर येऊन गेली होती. कंडक्टर खिडकीशी उभा होताच.

हफीजभाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. इतक्या लवकर ते कधीच परतत नसत.

"आज नाई जाऊ बेटा. तीनले रपटा बुडते. मातीचं पोट भरलं हाये."

ती सर सोडली तर आठवडाभर उघाड होती. अंगणातला चिखलसुद्धा वाळून तडकला होता. पण हफीजभाई बोलले म्हणजे बोलले. शबाना पिशवी घेऊन घरी परतली. कंडक्टरनं बस सोडली नाही.

मला त्या दिवशी रपट्यावरच्या पाण्याच्या खुणेची नोंद घ्यायचीच होती. एक ते पाच तिथं बसलो. पाणी रपट्याच्या दोन हात खाली गुमान वाहत होतं. काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! हफीजभाई चुकले होते. ही बातमी मला स्वतः त्यांच्या तोंडावर द्यायची होती. मी सायकल थेट त्यांच्या घरी नेली.

हफीजभाई ओसरीवर लसूण सोलत बसले होते. आत मासे तळल्याचा वास होता. मी तोंड उघडणार तोच शबाना बाहेर आली.

"साहेब, रपट्यावर पाणी आलं ना जी?"

हफीजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातातली पाकळी तशीच राहिली. इतका भ्यालेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला माझीच लाज वाटली.

"आलं ना," मी म्हणालो. "चांगलं दोन फूट."

हफीजभाई पुन्हा लसूण सोलायला लागले. मी घाईनं निघालो. शबाना फाटकापर्यंत आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "साहेब, रपटा कोरडाच हाये. मले ठाऊक हाये. अब्बू दरसाल एक दिवस असेच चुकते. साऱ्या गावाले ठाऊक हाये, पण कोणी बोलत नाई."

"मग सासरी रागावत नाहीत?"

"काऊन रागावतीन? तिकडं मी पाच दिवस सांगूनच येते. अब्बूले चार सांगते."

सायकल फाटकाला टेकवून मी पुन्हा आत गेलो आणि हफीजभाईंना सांगितलं, की निघताना पाहिलं तेव्हा पाणी अजून चढतच होतं.